साळवेबाईंचा खडक

मी दहा वर्षांचा असताना एका मुलाचा खडा उचलून लांब फेकून दिला. ऐकायला यात काही नाही, मुलं दगड फेकतातच. पण त्या खड्यामुळे एका मुलाचा पाय कायमचा अधू झाला आणि एका बाईंना आमच्या गावात जी एकच गोष्ट आनंद देत होती, ती बंद पडली. तो खडा मी फेकला हे मला माहीत होतं, आणि अडतीस वर्षं मी ते कुणाला बोललो नाही. बाईंबद्दल लिहायचं तर हे आधी सांगायला हवं. नाहीतर पुढे मी जे काही चांगलं लिहीन त्याला अर्थ राहणार नाही.

बाईंचं नाव सुशीला साळवे. आमच्या शाळेत तिसरी आणि चौथीचे वर्ग त्या एकाच खोलीत घ्यायच्या. गाव श्रीगोंदा तालुक्यातलं, काष्टीपासून चार कोसांवर, माळाच्या कडेला. बाई नगरच्या, ख्रिस्ती. बदली होऊन आल्या तेव्हा तिशीच्या असतील. लग्न केलेलं नव्हतं. शाळेमागच्या एका खोलीत एकट्या राहायच्या. त्यांच्या धर्माचं दुसरं माणूस गावात नव्हतं, आणि विहिरीवर त्या सगळ्या बायकांचं पाणी भरून झाल्यावरच जायच्या. त्यांना कोणी तसं सांगितलं होतं की त्यांनीच ते ओळखलं होतं, मला माहीत नाही. दुपारी उन्हात, रिकाम्या विहिरीवर, एकटी बाई रहाट ओढते आहे, हे दृश्य मी रोज बघायचो आणि त्यात मला काही वेगळं दिसत नव्हतं.

पांढरं, बारीक काठाचं पाचवारी पातळ नेसायच्या आणि पायात तपकिरी कॅनव्हासचे बूट घालायच्या. पातळाखाली बूट घातलेली बाई आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. हातात काळी छत्री असायची, पण ती उघडलेली मी कधी पाहिली नाही. पावसातसुद्धा त्या तिची काठी करूनच चालायच्या. चालताना तोंडातल्या तोंडात एक चाल गुणगुणायच्या. शब्द कधी ऐकू आले नाहीत.

रविवारी त्यांना जायला चर्च नव्हतं. काष्टीला चालत जाऊन गाडी धरून नगर गाठायचं आणि परत यायचं म्हणजे दिवस पुरायचा नाही. म्हणून सकाळी आंघोळ करून, केस विंचरून, बूट घालून त्या माळावर जायच्या. सुरुवातीला एकट्याच. मग एका रविवारी दोन मुलं मागं लागली, पुढच्या रविवारी चार. बाईंनी वळून विचारलं, "काय रे, कुठं चाललात?"

"तुमी कुटं चालल्या?" कोणीतरी म्हणालं.

"मी वाट चुकायला चाललेय."

आम्ही हसलो. वाट चुकायला कोण जातं? आमच्या घरी वाट चुकलं तर मार बसायचा. पण बाई खरंच सांगत होत्या.

गावाची शेवटची वस्ती संपून जिथं माळ सुरू होतो तिथं एक सपाट काळा खडक होता, बैलगाडीच्या साटीएवढा. त्या खडकाचे नियम बाईंनी घालून दिले होते. येताना प्रत्येकानं आपल्याला ओळखू येईल असा एक खडा आणायचा. माळावर सुटण्याआधी तो खडकावर ठेवायचा. परत आलं की आपला खडा उचलून जमेल तेवढा लांब भिरकावायचा आणि घरी जायचं. खडकावर खडा दिसतोय म्हणजे ते मूल अजून बाहेर आहे. मेंढरं मोजायची ही रीत त्या एका धनगराकडून शिकल्या होत्या. बाईंचाही खडा असायचा, पांढरी गारगोटी. आपला खडा त्या सगळ्यांच्या शेवटी उचलायच्या.

"आणि एक," बोट वर करून त्या दर रविवारी सांगायच्या, "दुसऱ्याचा खडा उचलायचा नाही. त्याच्या आईनं सांगितलं तरी नाही. ज्याचा त्यानंच उचलायचा."

मग आम्हाला डोळे मिटायला लावायच्या, स्वतःभोवती तीनदा फिरायला लावायच्या आणि म्हणायच्या, "आता हात वर करून दाखवा, गाव कुठं आहे?" डोळे उघडले की नऊ हात नऊ दिशांना. बाई हसून हसून छत्रीवर वाकायच्या. त्यानंतर एकच शब्द, "सुटा." प्रत्येकानं एकट्यानं, वेगवेगळ्या बाजूला जायचं. आपण कुठं आहोत हे कळेनासं होईपर्यंत जायचं, आणि ऊन डोक्यावरून कलायच्या आत आपलं आपण परत यायचं. बाईही जायच्या.

"बाई, हरावलो तर?" एकदा भिकानं विचारलं होतं.

"वाट चुकलेला माणूस चालत असतो," बाई म्हणाल्या. "हरवलेला बसून राहतो. तू चालत राहा."

भिका आमच्यात सगळ्यात लहान, तिसरीतला. वर्गात तोंड उघडायचा नाही. पाढे म्हणायला उभं केलं की पाचाच्या पुढे गाडी जायची नाही. पण माळावर त्याच्यासारखं कोणी चुकायचं नाही. तो सगळ्यात शेवटी यायचा आणि नेहमी काहीतरी घेऊन यायचा. कधी सापाची अखंड कात, कधी टिटवीच्या अंड्याचं कवच. एकदा तर कुणाचंतरी चुकलेलं मेंढीचं कोकरू खांद्यावर टाकून आला होता. शेवटी येणाऱ्याबरोबर बाई खडकावर बसायच्या, रुमालात बांधलेले भाजलेले शेंगदाणे आणि गूळ त्याला द्यायच्या आणि विचारायच्या, "सांग, काय काय पाहिलंस?" वर्गात मुका असलेला भिका तिथं बोलत राहायचा. मी लांबून पाहायचो. आपला खडा फेकून झाला की घरी जायचं, हा नियमच होता.

मला वाट चुकताच यायचं नाही.

डोळे मिटून कितीही फिरवा, माझा हात गावाकडेच जायचा. सूर्य कुठं आहे, वारा कुठून येतो, बांध कुठं वळतो, हे मला न बघता कळायचं. बाई म्हणायच्या, "प्रभाकर, तुझ्या पोटात होकायंत्र आहे." मुलं कौतुकानं बघायची. मला मात्र ते वाक्य लागायचं. भिकाला जे मिळत होतं ते मला मिळत नव्हतं. टेकाडामागे बसून राहावं आणि उशिरा परत यावं असंही मी करून पाहिलं. पण बसलो की कंटाळा यायचा, आणि परत यावं तर खडकावर भिकाचा तांबडा खडा असायचाच. तो नेहमी ओढ्यातला तांबडा खडा आणायचा.

फक्त एकदा मी चुकलो. श्रावण होता, कुसळी गवत कमरेएवढं वाढलं होतं आणि आभाळ सगळीकडून सारखंच राखाडी होतं. एका घळीतून वर आलो आणि समोरचं काहीच ओळखीचं वाटेना. आधी भीती वाटली. मग हळूहळू ती गेली आणि काहीतरी वेगळंच झालं. गवताचा वास मला आधी कधी आलाच नव्हता असं वाटलं. एक बोराटीचं झुडूप होतं, ते जगात पहिल्यांदाच कोणीतरी पाहत होतं आणि ते कोणीतरी मी होतो. मी कुणाचा मुलगा, कितवीत, कोणत्या आळीतला, यातलं काहीच त्या झुडपाला ठाऊक नव्हतं. मी मोठ्यानं हसलो. एवढ्यात उगवतीकडून काष्टीच्या गाडीची शिट्टी ऐकू आली आणि सगळा माळ पटकन आपापल्या जागी जाऊन बसला. मी परत जाताना रडलो. तेवढ्या थोड्या वेळावर मी पुढे किती वर्षं काढली, ते मला माहीत आहे.

बाई स्वतः चुकायच्या तेव्हा त्यांना लपवता यायचं नाही. एका रविवारी आम्ही सगळे परत आलो, भिकासुद्धा आला, तरी गारगोटी खडकावरच. त्या दिवशी नियम मोडून आम्ही कोणी घरी गेलो नाही. ऊन कलंडायला लागलं. मुली घाबरल्या. तेवढ्यात बाई अगदी उलट्या बाजूनं, गावाच्या अंगानं आल्या. पातळाला गुडघ्यापर्यंत कुसळं, केस सुटलेले, एका बुटाचा तळ निघून लोंबतोय.

"बाई, कुटं गेल्ता?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. हे त्या इतक्या समाधानानं म्हणाल्या की आमच्यातली सगळ्यात मोठी मुलगी सोजर म्हणाली, "बाई, तुमी आज आमच्याच वर्गात बसा." बाई खरंच तिच्याशेजारी खडकावर बसल्या. त्यांचा चेहरा वर्गातल्या मुलीसारखा दिसत होता. गावात असा चेहरा त्यांनी कधी दाखवला नाही, आणि कुणी पाहायला गेलंही नाही.

नाताळात त्यांनी करंज्या केल्या. पंधरा घरांत ताटल्या पोचवल्या, पितळी, वरून विणलेला रुमाल. माझ्या आईनं हसून ताटली घेतली, "कशाला येवढा तरास घेतला बाई" म्हणाली, आणि बाई वळल्यावर करंज्या म्हशीच्या गव्हाणीत टाकल्या. मी एक उचलून खाल्ली. आत ओल्या खोबऱ्याचं सारण होतं. ताटली धुऊन, त्यात मूठभर साखर घालून मीच परत द्यायला गेलो. बाईंनी विचारलं, "आवडल्या का रे घरी?" मी म्हणालो, "लई." त्यांनी मान हलवली. मला वाटतं, त्यांना ठाऊक होतं. पुढच्या नाताळलाही त्यांनी पंधरा ताटल्या भरल्या.

तो पुढचा नाताळ म्हणजे बहात्तरचा. पाऊस झाला नव्हता. शाळेत सुकडी मिळत होती आणि गावातली निम्मी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. नव्या रस्त्यासाठी माळाच्या पलीकडच्या अंगाला मुरमाची खाण खणली होती. आमच्या फिरण्याच्या जागेपासून ती लांब होती. माळ बोडका झाला होता, वाट चुकायला गवतसुद्धा उरलं नव्हतं. तरी बाई रविवारी निघायच्या. "आता जरा जास्त लांब जावं लागेल," एवढंच म्हणाल्या.

नाताळानंतरच्या एका रविवारी मी परत आलो तेव्हा खडकावर तीन खडे होते. बाईंची गारगोटी, माझा काळा चपटा खडा आणि भिकाचा तांबडा. बाकीचे येऊन गेले होते. आसपास कोणी नव्हतं. मी उभा राहिलो. माझा खडा उचलला की मला घरी जावं लागणार, आणि बाई पुन्हा भिकाबरोबर बसणार.

मी तांबडा खडा उचलला आणि भिरकावला. माझा खडा तसाच राहू दिला, आणि खाली बाभळीआड जाऊन बसलो. भिका येईलच, असं मला वाटलं. तो आला की खडा नाही बघून गोंधळेल, घरी जाईल, एवढंच. माझ्या मनात याहून वाईट काही नव्हतं. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते खरं आहे की नाही, मलाच कळत नाही.

थोड्या वेळानं बाई आल्या. मी लांबून चालत आल्यासारखा बाभळीमागून निघालो. बाईंनी खडकाकडे पाहिलं, दोनच खडे. त्या आश्चर्यानं म्हणाल्या, "प्रभाकर, आज तू शेवटचा?"

"व्हय बाई."

"चुकलास?"

"लई."

त्यांना इतका आनंद झाला की मला तिथंच सांगून टाकावंसं वाटलं. पण त्यांनी रुमालाची गाठ सोडली, शेंगदाणे माझ्या ओंजळीत ओतले, आणि मी खाऊ लागलो. काय पाहिलंस म्हणाल्या, तर मी श्रावणातलं झुडूप त्या दिवसाचं म्हणून सांगितलं. ऐकून झाल्यावर त्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली. सहा वर्षांच्या असताना चर्चमधली सगळी माणसं चांदबिबीच्या महालावर सहलीला गेली होती. तिथं डोंगरावर त्या चुकल्या. दुपारभर एकट्या फिरल्या. कोणी हाक मारत नव्हतं, कारण त्या नाहीत हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. घरात सात भावंडं होती.

"आधी वाईट वाटलं," बाई म्हणाल्या. "मग एका दगडावर बसले. वारा होता. मला वाटलं, कोणाच्या लक्षात नसलं तरी मी आहेच की इथं." मग रुमालाची घडी घालत म्हणाल्या, "हे तुला आता कळायचं नाही. लक्षात ठेव."

मी लक्षात ठेवलं. माझ्या लहानपणातली ती सगळ्यात सुखाची दुपार होती. आणि ती गोष्ट माझी नव्हती, भिकाच्या वाट्याची होती. त्या वेळी भिका मुरमाच्या खाणीत पडलेला होता.

संध्याकाळी भिकाचे वडील रामभाऊ घरोघर विचारत आले. आमच्या दारातही आले. "परभ्या, भिका दिसला का रं?" मी नाही म्हणून मान हलवली. तिथून ते बाईंकडे गेले. बाई ठामपणे म्हणाल्या, "तो माळावरून परत आलाय. त्याचा खडा खडकावर नव्हता. मी स्वतः पाहिलंय."

म्हणून सगळं गाव त्याला गावात शोधत राहिलं. विहिरींत गळ टाकले, कडब्याच्या गंजी उपसल्या, ओढ्याकाठचे आड पाहिले. माळावर कोणी गेलं नाही. जायचं कारणच नव्हतं, खडा उचललेला होता. कारण फक्त मला माहीत होतं. मी भाकरी खाल्ली आणि आईच्या कुशीत तोंड खुपसून झोपलो.

सोमवारी सकाळी खाणीवरच्या मजुरांना तो दिसला. नव्यानं उकरलेल्या कडेवरून पाय सटकून आत पडला होता, मांडीचं हाड मोडलं होतं. खाणीच्या भिंतीला पाठ टेकून बसला होता. मजुरांना म्हणाला, "मला चालता येईना, म्हनून बसलो."

दोन दिवसांनी चावडीवर माणसं जमली. सरपंच समजूतदार होते, त्यांनी बाईंना बसायला खुर्ची दिली. बाई बसल्या नाहीत.

"पोरगं म्हनतं, मी खडा न्हाई उचलला," रामभाऊ म्हणाले. ते ओरडत नव्हते, चार दिवस झोप नसल्यासारखा त्यांचा आवाज होता. "आन तुमी म्हनता, खडा न्हवता. मंग खडा काय चालत गेला व्हय, बाई?"

बाईंनी रामभाऊंकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माझी मोजण्यात चूक झाली. मुलाचा दोष नाही."

तेवढ्यावर ते संपलं असतं. पण मागून एक म्हातारा बोलला, "ते खड्याचं ऱ्हाऊ द्या. रविवारचंच का न्हेती ही पोरांना? त्यांचा देवाचा वार हाय त्यो. काय म्हनाया लावती तितं?"

मी दाराशी उभा होतो. म्हाताऱ्यानं माझ्याकडेच बोट केलं. "ये रं पोरा हिकडं. बाई तितं डोळं मिटाया लावती का न्हाई?"

"लावती," मी म्हणालो.

"आन हात वर कराया लावती?"

"व्हय."

दोन्ही खरं होतं. गाव कुठं आहे ते दाखवायला, हे पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं. ते मी बोललो नाही. बोलायला लागलो तर खड्यापर्यंत पोचू, ही भीती होती. चावडीत कुजबुज झाली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पुढचं मी बोलेन म्हणून त्या थांबल्या होत्या. मी खाली बघितलं.

"प्रार्थना आम्ही मनात करतो," बाई म्हणाल्या. "त्याला मुलं लागत नाहीत."

सरपंचांनी विषय मिटवला, पण रविवार बंद झाले. वर्गात बाईंनी एकदाच विचारलं, "दुसऱ्याचा खडा कोणी उचलला होता का?" कोणी बोललं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. उन्हाळ्याआधी त्यांनी स्वतःच बदली मागून घेतली. नगरच्या दवाखान्यातून परत येऊन भिका घरी खाटेवर होता. जायच्या दिवशी सरपंचांनी बैलगाडी जुंपून दिली, तिच्यात बाईंची ट्रंक आणि वळकटी गेली. बाई गाडीत बसल्या नाहीत. काष्टीच्या वाटेनं गाडीमागून छत्री टेकत चालत गेल्या. मी माळाच्या कडेवरून पाहत होतो. पांढरं पातळ धुळीत मिसळत गेलं. खडकापाशी त्या थांबतील असं मला वाटलं होतं. थांबल्या नाहीत, तिकडे पाहिलंही नाही.

मी पुढे भूमी अभिलेख खात्यात लागलो. तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, हद्दीचे दगड रोवले. बांधावरच्या भांडणात दोन्ही बाजू माझ्या शब्दावर विश्वास ठेवायच्या. एखाद्यानं शेजाऱ्याचा हद्दीचा दगड हलवलाय हे मला लांबून कळायचं, आणि असल्या माणसाशी मी फार कडकपणे वागायचो. माझ्या हाताखालच्या लोकांना ते नवल वाटायचं.

एकदा नगरच्या कार्यालयात एक गृहस्थ प्लॉटच्या नकाशासाठी आले. आडनाव साळवे. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, "सुशीलाआत्या? ती माझ्याकडेच असते, सावेडीला." तो पत्ता चार महिने माझ्या खिशात होता.

बाई दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले. बूट दाराजवळ होते, त्यावर धूळ नव्हती. आडनाव सांगितल्यावर त्यांनी मला ओळखलं.

"होकायंत्र," त्या म्हणाल्या. "डोळे मिट. सांग, गाव कुठं?"

मी अठ्ठेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला माणूस, त्या खोलीत डोळे मिटून हात वर केला. दक्षिणेला, थोडा मावळतीकडे. त्या म्हणाल्या, "तू कधी चुकला नाहीस रे. एकदाच काय तो." आणि हसल्या. ती दुपार त्यांच्याही लक्षात होती.

"बाई, त्या दिवशीही चुकलो नव्हतो," मी म्हणालो. मग सगळं सांगितलं. बाभळीआड बसलो ते, झुडूप श्रावणातलं होतं ते, चावडीत पुढचं वाक्य गिळलं ते. त्यांनी मध्ये काही विचारलं नाही. खाली रिक्षा जात होत्या. बाईंचा भाचा चहा ठेवून गेला, त्यावर साय धरली.

त्या रागावतील किंवा माफ करतील, याची तयारी मी केली होती. त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं, भिका खोटं बोलतोय."

चहाचा कप मी बाजूला सरकवला.

"लोकांसमोर म्हणाले मी, मोजण्यात चूक झाली. पण मनात तेच होतं. हा येऊन, खडा उचलून परत गेला आणि आता मारापायी नाकारतोय. मला त्याचा फार राग आला होता. पाय मोडून खाटेवर पडलेलं आठ वर्षांचं पोर, आणि मी त्याला न भेटता निघून गेले. त्याच्या दारावरून गाडी गेली. आत गेले नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "तो आहे का?"

"आहे. गावात पिठाची गिरणी आहे त्याची. नातवंडं आहेत."

"चालतो?"

"लंगडतो. पण चालतो."

"त्याला सांगितलंस?"

मी नाही म्हणून मान हलवली. गावी गेलो की मी त्याच्याच गिरणीत दळण टाकायचो. "परभाकरराव, बसा की" म्हणून तो स्टूल पुसून द्यायचा. तिथं बसून मी कितीदा पीठ पडताना पाहिलंय.

"फोन आहे त्याच्याकडे?" बाई म्हणाल्या.

मी मोबाईलवर नंबर लावला. पलीकडे गिरणीचा आवाज होता. भिका ओरडून म्हणाला, "कोन?" मी फोन बाईंच्या हातात दिला.

"भिका, मी साळवेबाई. शाळेतली." पलीकडे गिरणी बंद झाली. इतकी शांतता झाली की त्याचं बोलणं मलाही ऐकू येत होतं.

"बाई," तो म्हणाला. मग म्हणाला, "बाई, मी खडा न्हवता उचलला."

बाईंनी डोळे मिटले. "मला माहीत आहे रे," त्या म्हणाल्या. "आज कळलं. मी तुला खोटा समजले. न भेटता गेले. माझं चुकलं, भिका."

"जाऊ द्या बाई. तुमी कशाला." मग त्यानं विचारलं, "त्यो खडा मंग गेला कुटं?"

बाईंनी फोन कानावरून काढला आणि माझ्यापुढे धरला. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. खिडकीबाहेर सावेडीच्या गच्च्या होत्या, पाण्याच्या टाक्या होत्या, आणि त्यांच्यापलीकडे दक्षिणेला उन्हात पांढरं पडलेलं आभाळ. बाई तिकडे पाहत होत्या.

मी फोन घेतला.

"भिका, मी प्रभाकर," मी म्हणालो. "तुझा खडा मी उचलला होता. तू माळावर आहेस हे मला रात्रभर माहीत होतं. मला माफ कर."